पाठ टेकली, तरी कुस्ती चालूच

(दृश्य: यात्रेतली कुस्त्यांची दंगल. लाल माती, ढोल, कडं करून बसलेली माणसं.)

खानदेशात बऱ्याच गावांच्या यात्रेत बारागाड्या ओढतात आणि दंगलही भरते. सुरुवातीला पोरासोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या, मानाची कुस्ती अगदी शेवटी. नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही खांदे मातीला लागले, की कुस्ती निकाली. जिंकलेला गडी कडेकडेने फिरून बक्षीस गोळा करतो, हरलेला अंगावरची माती झटकत गर्दीत शिरतो.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा मारली. त्यामुळे या भागातल्या पोरांना कुस्तीचं वेड लावावं लागत नाही. आता त्याच पोरांच्या मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती दिसतात. एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. त्यात ठोसा आहे, लाथ आहे, गुडघा आहे आणि पकडही आहे. मग पारावर वाद रंगतो: खबीबसारखा गडी एकदा अंगाला भिडला, तर त्याच्यातून सुटायचं कसं?

रशियाचा एमएमए लढवय्या खबीब नुरमागोमेदोव २९ लढती लढला, २९ जिंकला आणि २०२० मध्ये थांबला. तेव्हा त्याच्यापुरतं उत्तर कुणालाच सापडलं नाही, हे आधी मान्य करू. पण त्याच्या वळणाचे बाकीचे पकडबाज हरलेत. ते कसे हरले, हे बघण्यासारखं आहे.

(दृश्य: जुनी, धूसर चित्रफीत.)

मार्क कोलमन हा अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा विजेता, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला. त्याची रीत साधी: पाडायचं, वर बसायचं, ठोकायचं. जुलै १९९७ मध्ये त्याच्यासमोर मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर उभा राहिला. कोलमनने त्याला पाडलंच. स्मिथ पाठीवर होता, पण गप्प पडून नव्हता. पायांनी कोलमनची कंबर आवळून, हात अडकवून त्याने मोठा मार बसू दिला नाही. बघणाऱ्याला वाटतं, वरचा माणूस आरामात आहे. तसं नसतं. शंभर किलोच्या जिवंत माणसाला दाबून ठेवणं हीच मोठी मेहनत. कोलमनचा दम गेला, स्मिथ उठला आणि मग कोलमनच्या मांड्यांवर लाथा बसू लागल्या. २१ मिनिटांनंतर पंचांनी निकाल स्मिथच्या बाजूने दिला.

या लढतीत स्मिथ पडायचा थांबला नव्हता. पडून संपायचा थांबला होता. पकडबाजाला हरवायचं मर्म इथंच आहे असं माझं मत, आणि कुस्तीत वाढलेल्या पोराला तेच सगळ्यात जड जातं.

(दृश्य: जळगावातला एक हॉल. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, निळी मॅट.)

मे महिना. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आत मॅट घामाने निसरडी झालेली. दोघे समोरासमोर. दोघेही मातीतून आलेले. त्यातला एक दोन वर्षांपासून मॅटवर, दुसरा नवा. जुन्याने खांदा खाली केला, दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरून ओढले, नवा खाली आला. आता नव्याचं अंग काय करतं ते बघा. डोक्याने ठरवायच्या आधीच तो वळून पालथा झाला. बरोबरच आहे, आठव्या वर्षापासून त्याच्या अंगात एकच गोष्ट भिनलीय: पाठ टेकू द्यायची नाही. मातीत पालथा पडलेला पहिलवान वाचतो. इथं वरच्याने लगेच दोन्ही पाय मांड्यांच्या आत घातले, सवारी भरल्यागत, आणि एक हात हनुवटीखालून गळ्याला सरकवला. नव्याने मॅटवर दोनदा थाप मारली, म्हणजे हार मानली. खेळ खलास.

कडेला बसलेले वस्ताद अहिराणीत ओरडतात, "ऊठ रे भो, पडी ऱ्हाऊ नको!"

पण उठायचं कसं, हे शिकावं लागतं. पडता पडताच कुशीवर यायचं, सपाट व्हायचं नाही. एका हाताची कोपरापासूनची नळी वरच्याच्या मानेला किंवा खांद्याला लावून अंतर ठेवायचं. त्या फटीतून गुडघा आत ओढायचा, मग कोपरावर, मग तळहातावर. पिंजऱ्याची जाळी जवळ असेल तर तिकडं सरकून पाठ तिला लावायची आणि पाय खाली घेत वर चढायचं. या सगळ्यात समोरच्याचे हात एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. त्याची बोटं कमरेमागे गुंतली, की निम्मं काम त्याचं झालं. म्हणून त्याचं एक मनगट आपल्या दोन हातांनी धरायचं आणि खाली दाबत राहायचं. दिसायला किरकोळ वाटतं, पण लढती इथं फिरतात.

खबीबची हुशारी याच जागी होती. तो समोरच्याला आधी जाळीपर्यंत रेटायचा, मग पाडून त्याचे पाय आपल्या पायांत गुंतवायचा आणि मनगट धरून ठेवायचा. उठणाऱ्याला टेकायला हात नाही आणि रोवायला पाय नाही. त्यामुळे मागे सरळ सरकत जाणं हा त्याच्यासमोर आत्मघात होता. बाजूला फिरायचं, पिंजऱ्याचा मधला भाग सोडायचा नाही.

पट अडवायचं तर आमच्या पोरांना काय शिकवायचं! पाय मागे फेकून कंबर खाली टाकणं, छातीचा भार समोरच्याच्या मानेवर देणं, बगलेत हात घालून त्याला वर उचलणं, हे त्यांनी तालमीत हजारदा केलंय. इंग्रजीतून आलेलं नाव स्प्रॉल, एवढंच नवं. फरक असा की मातीत पट अडवला की परत खडाखडी सुरू होते. इथं पट अडवल्याच्या त्याच क्षणी ठोसा किंवा गुडघा लागला पाहिजे. फुकट अडवलं, तर तो दहा वेळा येईल. प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागली, तर पाचव्यांदा विचार करेल.

आता तो पाच सेकंदांचा किस्सा. २०१९ मध्ये होर्हे मासविदालने धावत जाऊन उडी घेतली आणि पट काढायला वाकलेल्या बेन आस्क्रेनच्या डोक्यात गुडघा घातला. पाच सेकंदांत लढत संपली. प्रत्येक पोराला तेच करायचं असतं. करू नका. अंदाज चुकला तर हवेत असलेला माणूस पकडबाजाला आयता मिळतो. त्यापेक्षा पोटावर मारलेला साधा ठोसा कामाचा. तो दिसत नाही, टाळ्या मिळत नाहीत, पण तिसऱ्या फेरीत श्वास तोच काढून घेतो. लाथांचंही तसंच. जस्टिन गेचीने खबीबच्या पायावर सणसणीत लाथा मारल्या होत्या, तरी दुसऱ्या फेरीत गेचीचाच गळा खबीबच्या पायांच्या त्रिकोणात सापडला. नुसत्या लाथेवर भागत नाही.

(दृश्य: मॅटवर सराव, जवळून पाय आणि कंबर.)

लिऑन एडवर्ड्सचं उदाहरण मला जास्त पटतं. ऑगस्ट २०२२, समोर कामारू उस्मान, ज्याला तोवर यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, कुणीच पाडलेलं नव्हतं. पहिल्याच फेरीत एडवर्ड्सने त्याला पाडलं. पुढच्या तीन फेऱ्या मात्र उस्मानच्या. पाचव्या फेरीचं शेवटचं मिनिट आलं, एडवर्ड्स गुणांवर हरत होता. त्याने हाताची हूल दिली, उस्मानचं डोकं बाजूला झुकलं आणि डावी लाथ तिथंच पोचली. ती लाथ लागली कारण चोवीस मिनिटं झाल्यावरही एडवर्ड्स पायांवर उभा होता.

उलट्या बाजूने, पकडीचा माणूस अडकतो कुठे? मानेत. पट काढताना डोकं खाली आणि बाहेर राहिलं, की गिलोटिन, म्हणजे समोरून गळा बगलेत आवळायचा डाव. भारतातून यूएफसीत गेलेला पहिला लढवय्या भरत खंडारे आपला महाराष्ट्राचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याला गिलोटिनमध्येच पकडलं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला हरियाणाची कुस्तीगीर रितू फोगाट थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्ससमोर उभी होती. स्टॅम्प मुळात मुए थाईची, ठोसा-लाथेची. रितूला थांबवलं मात्र तिने खालून रितूचा हात कोपरात उलटा ताणून, दुसऱ्या फेरीत. ठोसेबाज पोरीने पाठीवर पडून करायचा डाव घोटून ठेवला होता.

म्हणून या हॉलमध्ये सरावाची पहिली फेरी उभ्याने होत नाही. एकाला आधीच खाली झोपवतात, दुसऱ्याला वर बसवतात, घड्याळ दोन मिनिटांवर लावतात. खालच्याने फक्त उठायचं, ठोसा नाही, डाव नाही. उठला की परत झोपवायचं. पिंजरा घ्यायला पैसे नाहीत, तर भिंतीला जुन्या गाद्या बांधल्यात. तिला पाठ लावून चढायचा सराव होतो. गाद्यांतला कापूस कधीच बाहेर आलाय, दर आठवड्याला कुणीतरी दाभण घेऊन शिवतं.