कंसाबाहेरचा दोन कोणाचा?

नमस्कार मंडळी! हा ग्लास बघा. काल मंडईजवळच्या पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. हीच चुन्याची निवळी. आता यात स्ट्रॉनं फुंकतो. फक्त फुंकायचं हं, चुकून ओढलंत तर तोंड पोळेल.

(फुंकतो) आलं बघा दुधाळ!

आता फळ्यावर या. निवळीत आहे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. सूत्र लिहायचं सी-ए, मग कंसात ओ-एच, कंसाबाहेर खाली दोन. हा दोन कोणाचा? एकट्या एचचा नाही, कंसातल्या अख्ख्या जोडीचा. कॅल्शियमची संयुजा, म्हणजे दुसऱ्याशी जोडायचे हात, दोन, हायड्रॉक्साइडची एक, म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात. कंस गाळला की एक ऑक्सिजन गायब! दहावीत मी नेमका तोच गाळला होता. गेलेला अर्धा मार्क अजून आठवतो.

समीकरणात डावीकडे निवळी अधिक माझ्या फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड. उजवीकडे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे हा पांढरा साका, अधिक पाणी. ऑक्सिजन मोजा. इकडे निवळीत दोन नि कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन, झाले चार; तिकडे कार्बोनेटमध्ये तीन नि पाण्यात एक, तेही चार. आयतंच जुळलं.

दर वेळी असं नशीब नसतं. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, तयार झालं पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एकच. मग मुलं पाण्यातल्या ओखाली दोन लिहून मोकळी होतात. अहो, ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, मेडिकलमधून जखम धुवायला आणतो ते! सूत्राच्या आतल्या आकड्याला हात लावायचा नाही, संख्या पुढे लिहायची: टू एच-टू-ओ. मग डावीकडेही टू एच-टू.

नावांचं थोडक्यात. शेवटी ‘आइड’ आलं की बहुधा दोनच मूलद्रव्यं, जसं सोडियम क्लोराइड. ‘एट’ आलं की सोबत ऑक्सिजन, जसं कार्बोनेट, सल्फेट. हायड्रॉक्साइड हा नियम मोडतं, ते तेवढं पाठ करा.

आता फुंकत राहिलो तर हा साका हळूहळू परत विरघळतो, त्याचं कॅल्शियम हायड्रोजन कार्बोनेट होतं. बोअरच्या जड पाण्यात हेच असतं. तापवलं की उलटी अभिक्रिया होते आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. या हायड्रोजन कार्बोनेटचं सूत्र सी-ए, कंसात एच-सी-ओ-थ्री, बाहेर दोन. ऑक्सिजन किती? तीन म्हणालात तर कंस परत बघा.