फाइलच्या शेवटी चिकटवलेली ओळ

ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली घेत जाते, आणि याच पट्ट्यात एमआयडीसीच्या कारखान्यांना लागून आता मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. बाहेरून फक्त भिंती दिसतात. आत रांगेने सर्व्हर, आणि त्यांचं सेटअप हल्ली कोणी एकेकाजवळ बसून हाताने करत नाही, स्क्रिप्ट करते, म्हणजे सगळ्या कमांड आधीच लिहून ठेवलेली फाइल.

आमचीही होती एक. अपलोडची लिमिट वाढवायला ती एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या डिफॉल्ट साइटच्या कॉन्फिग फाइलच्या, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलच्या, शेवटी एक ओळ चिकटवायची, बस्स. पहिल्यांदा चालवली, मस्त चालली. महिन्याभराने कोणीतरी परत चालवली, तीच ओळ परत चिकटली, आणि कोणालाच कळलं नाही कारण रीलोडच्या वेळी, म्हणजे चालू असतानाच सेटिंग्ज परत वाचताना, कॉन्फिग चुकलेलं दिसलं तर एनजिनएक्स जुन्यावरच चालत राहतं, आणि एरर आला की थांबायचं हे आमच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलंच नव्हतं. मग भर पावसात एका रात्री मशीन रीस्टार्ट झालं आणि सर्व्हिस उठेचना. लॉगमध्ये एवढंच, डायरेक्टिव्ह इज डुप्लिकेट, म्हणजे तीच सेटिंग दोनदा.

बरं प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी. एनजिनएक्स निदान ओरडतं तरी! दुरून मशीनमध्ये लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर पहिली सापडलेली व्हॅल्यू धरतो, म्हणजे वर रूटचं, सगळे अधिकार असलेल्या युजरचं, लॉगिन चालू लिहिलेलं असेल आणि तुम्ही खाली बंदची ओळ जोडली तर ते चालूच राहतं, एरर नाही काही नाही. मला याचीच जास्त भीती वाटते.

म्हणून पॅकेजसोबत आलेल्या फाइलला हातच लावायचा नाही. एनजिनएक्स जिथल्या जादा फाइलीही वाचतं त्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल ठेवायची, दरवेळी तिच्यात ओळ जोडायची नाही, ती अख्खी नव्याने लिहायची, कमांडला तपासणीचा डॅश टी लावून तपासायची आणि पास झाली तरच रीलोड. उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीपासून एसएसएचलाही असं फोल्डर आहे, आणि ते मेन फाइलमध्ये वरच जोडलेलं असतं त्यामुळे आपली ओळ आधी वाचली जाते.

यात अजून एक सुटका आहे. डेबियन-उबुंटूवर पॅकेजची फाइल तुम्ही बदललेली असेल आणि अपग्रेडमध्ये तिची नवी आवृत्ती आली तर पॅकेज बसवणारं डीपीकेजी मध्येच थांबून विचारतं, तुमची ठेवू की नवी टाकू, आणि रात्री दोनला उत्तर द्यायला कोणी नसतं, स्क्रिप्ट तिथेच अडकते. फाइल बदललीच नाही तर तो प्रश्नच येत नाही.

आता टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या दिवशी त्याला स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवायला देतो. दुसऱ्या वेळी एकही फाइल बदललेली दिसता कामा नये.