बाग बघायची तर चैत्रातच

नमस्कार मंडळी! येत्या शनिवारी आणि रविवारी आपल्या गावातली बरीच घरं आपापली बाग सगळ्यांना बघायला उघडी ठेवणारेत, मोठ्या बंगल्यांची तशी गल्लीतल्या छोट्या अंगणांची पण, तिकीट नाही, ओळख लागत नाही, फाटक उघडं दिसलं की सरळ आत जायचं. सगळे एकच विचारतात, की एवढ्या उन्हात कशाला, श्रावणात ठेवा ना. अहो, श्रावणात उकिरडा पण हिरवा असतो! बाग कळते ती आत्ता, बोअर आटलेला, नळ आठ-दहा दिवसांनी येतोय, पारा चाळिशीच्या पुढं, आणि तरीसुद्धा जे झाड उभंय आणि फुललंय ते आपल्या मातीचं. म्हणून मुद्दाम चैत्र धरलाय.

आता काय बघायचं ते सांगते. बहावा बघा, पानं झडून नुसते पिवळे घोस लोंबायला लागलेत. तरवड बघा, रस्त्याच्या कडेला मुरमात उगवतो म्हणून आपण त्याला कधी बागेत घेतलाच नाही, पण कुंपणाला लावला की पहिलं एक वर्ष पाणी द्यायचं आणि मग फारसं बघायला लागत नाही. कडुनिंब आहे, आपटा आहे, अडुळसा, कोरांटी, आणि एका घरी तर रुई मुद्दाम राखलीय, कारण तिच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. गुलमोहर मला पण आवडतो, पण तो मादागास्करचा, आणि वादळात त्याच्या फांद्या कशा मोडतात ते आपण दरवर्षी बघतोच. बाहेरचं सगळंच वाईट असं माझं म्हणणं नाही बरं का, सीताफळ पण मूळचं अमेरिकेकडचंच, पण ते आपल्या बालाघाटच्या खडकात असं रुजलं की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. झाड इथल्या पाण्यात भागवतंय का, एवढंच बघायचं. लॉन नाही भागवत. उन्हाळ्यात एका चौरस मीटर लॉनला रोज पाचेक लिटर तरी लागतं, आणि ते बिचारं ना सावली देतं ना फूल.

जुन्या गल्लीत एका मावशींचं अंगण आहे, तिथं जरा वेळ काढून जा. मावशींनी मातीचा साधा माठ, रंग न दिलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलाय, त्यात पाणी भरून वर झाकण, म्हणजे डास होत नाहीत आणि वाफ पण जात नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, भोवतीची माती कोरडी पडली की जास्त आणि ओली असली की कमी, म्हणजे किती द्यायचं ते मातीच ठरवते. भोवतीनं वांगी आणि मिरची, बुडाशी सोयाबीनच्या भुस्कटाचा चांगला हातभर थर. मी हात घालून बघितला, वरून पापडासारखं कोरडं आणि खाली माती गार, ओली, हाताला चिकटणारी. शेजारच्या कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, थोडी पानं खाईल, खाऊ द्या, मावशी तिथं फवारणी करतच नाहीत.

आणि पाणी कुठनं आणायचं? हे मला मनापासून सांगायचंय. २०१६ चा एप्रिल आठवतो ना, मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वॅगन, मिळून ५ लाख लिटर. आता हिशोब करा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या एका स्लॅबवर ६५ हजार लिटर पडतं, गळती-बाष्प सोडून ५० हजार तरी हाती येतं. म्हणजे दहा घरांचे स्लॅब मिळून ती अख्खी गाडी! आणि आपण ते पाणी पाइपानं रस्त्यावर सोडतो, गटारात. सगळं साठवायला टाकी कुणाकडे नसते, मान्य, पण ते फिल्टर लावून बोअरमध्ये नाहीतर आळ्यात, शोषखड्ड्यात सोडायला काय हरकत आहे? ज्या घरांनी हे केलंय त्यांचे पाइप आणि खड्डे पण उघडून दाखवणारेत, पोरांना नक्की दाखवा. न्हाणीचं पाणी केळीला कसं वळवलंय ते पण विचारा, तिथल्या वहिनी कंटाळत नाहीत सांगायला.

वेळ सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी कुणी येऊ नका, म्हाताऱ्या माणसांनी तर नाहीच. डोक्याला टोपी-रुमाल घ्या, पाण्याची बाटली घ्या, आणि एक कापडी पिशवी आणा, कारण बहावा आणि तरवडाचं बी फुकट मिळणारे. बहाव्याचं बी फार टणक असतं, तसंच मातीत टाकलं तर महिनोन्महिने काही होत नाही, तेव्हा आधी पॉलिशपेपरवर एका बाजूनं थोडं घासा, रात्रभर पाण्यात भिजवा, फुगलेलं बी तेवढं माती भरलेल्या रोपाच्या पिशवीत लावा. मेमध्ये लावलंत तर रोपं पावसाळ्यात हाताशी येतील आणि पुढच्या जूनमध्ये जमिनीत जातील. शनिवारी सकाळी मी मावशींच्याच अंगणात आहे, या.