मोठे टायर टाकताय? आधी क्राउन-पिनियनचा हिशेब करा

या, बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर विषय असा की फोर बाय फोरला मोठे टायर टाकले की ॲक्सलचा रेशो कुठला घ्यायचा, आणि मी थेट आकड्यांवरच येतो कारण यात लोक आकडे सोडून बाकी सगळं बोलतात, मित्राने ४.८८ टाकलाय म्हणून मीपण ४.८८, असं नका करू हो, त्याची गाडी वेगळी, त्याचे टायर वेगळे.

इंजिनाकडून शाफ्टवरून फिरणं ॲक्सलमध्ये येतं, तिथे पिनियन म्हणजे छोटा गिअर क्राउनला म्हणजे मोठ्या गिअरला फिरवतो. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असले की रेशो ४.१०, म्हणजे शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडं झालं की चाकाचा एक फेरा. आता चाक मोठं केलं की त्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाणार, ऐकायला छान वाटतं, पण तेवढं जास्तीचं ओढायचं कुणी, तर त्याच इंजिनाने.

समजा २३५/७५ आर १५ टायर आहेत, म्हणजे साधारण २९ इंच, ॲक्सल ४.१०, आणि आपण टाकले ३३. ३३ भागिले २९, गुणिले ४.१०, उत्तर ४.६७. गाडी कंपनीतून आली तशीच चालायला हवी असेल तर ४.६७ पाहिजे, आणि असा सेट सहसा मिळत नाही, नेहमीचे आकडे म्हणजे ४.५६ नाहीतर ४.८८. आणि काहीच बदललं नाही तर ती गाडी जुन्या टायरवर ३.६० चा ॲक्सल बसवल्यासारखी ओढणार.

मग दोघांतला कुठला? इथे मुंबईकराने स्वतःला विचारायचं की माझी गाडी खरंच कुठे चालते. रविवारची चिखलातली वाट सगळ्यांना आठवते, पण सोमवार ते शुक्रवार घोडबंदर रोड आणि सायनचा सिग्नल आहे ना! पहिला गिअर ४ चा धरा, आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ८०० आरपीएम. जुन्या टायरवर गाडी क्लच पूर्ण सोडून ६.८ किमीने सरकत होती, ३३ वर तीच ७.७ ने सरकते. फरक एक किमीसुद्धा नाही, पण ट्रॅफिक त्याहून हळू सरकतं तेव्हा तुम्ही हाफ क्लचवर असता, फ्लायओव्हरच्या चढावर तर असताच असता, आणि क्लच प्लेट तिथे जळते, डोंगरात नाही. ४.८८ टाकलात तर हाच वेग ६.५ वर येतो. माझ्या मते शहरात रोज चालणाऱ्या गाडीला रेशो बदलायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि याबद्दल कुणी बोलतच नाही.

आता हायवे. पाचवा ०.८ चा धरला तर १०० किमीला आधी साधारण २,३६० आरपीएम होते. ३३ टाकून ४.१० ठेवला तर २,०८० च्या आसपास. लोक खूश होतात, इंजिन शांत झालं, ॲव्हरेज वाढणार! पण टर्बो डिझेल असेल आणि बूस्टच्या, म्हणजे टर्बोचा जोर लागतो त्या आरपीएमच्या खाली गेलं तर कसारा घाट लागला की चौथा, मग तिसरा, आणि ॲव्हरेज तिथेच गेलं. ४.५६ वर २,३१० येतात, ४.८८ वर २,४७०. डिझेलवाला जो बराचसा एक्सप्रेसवेवर असतो त्याला मी ४.५६ सांगेन, आणि ज्याचं पेट्रोल इंजिन आहे, खाली दम नाही, किंवा ज्याने बंपर-विंच-कॅरिअर सगळं चढवलंय, त्याने ४.८८ घ्यावा.

४.८८ घेऊन हिशेबापेक्षा थोडं वर का जायचं, तर मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, आणि तो फिरवायलाच ताकद जाते. जीपच्या रँग्लर रुबिकॉनचंच बघा, त्यात ४.१० येतो, पण २०२१ मध्ये ३५ इंची टायरचं पॅकेज कारखान्यातून दिलं तेव्हा ॲक्सल ४.५६ केला. ३३ वरून ३५ ला नुसत्या गणिताने ४.३५ येतो, तरी ते वर गेले.

पण म्हणून वरवरच जात राहायचं असंही नाही. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९ दात, ५.१३ म्हणजे ४१ आणि ८. ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये जागा तेवढीच, त्यामुळे आकडा चढवला की पिनियन बारीक होत जातो, आणि दगडात चाक अडकलेलं असताना जोर दिला की तो तुटू शकतो.

मीटरचं पण बघा. ३३ वर मीटर ९० दाखवेल तेव्हा तुम्ही १०२ वर असाल, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची १०० ची मर्यादा ओलांडून. ज्या गाड्या चाकाच्या सेन्सरवरून वेग मोजतात त्यांचं मीटर ॲक्सल बदलून सुधरत नाही, वेगळं कॅलिब्रेट करावं लागतं. आणि टायर घेण्याआधी आरटीओत विचारा, गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

ताई विचारतायत, पैसे वाचवायला फक्त मागचा ॲक्सल बदलला तर? नाही, अजिबात नाही. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधते, दोन्हीकडे रेशो वेगळा असला तर फोर हाय, म्हणजे चारही चाकांचा ड्राइव्ह, टाकताच दोघं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतंच. दोन्ही करा नाहीतर एकही नको.

सीएसटी रोडला सेट विचारायला जाल तेव्हा दात मोजून घ्या, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. बसवणाऱ्याला विचारा की पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी लावतो का, रंग लावून दातांवरचा ठसा बघतो का, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजतो का. बहुतेक सेटना ०.१५ ते ०.२५ मिमी लागतो, हाताने हलवून हा अंदाज येत नाही. गिअर ऑइल जीएल-५ ग्रेडचं. पहिल्यांदा वीसेक किमी हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, सुरुवातीला ट्रेलर ओढू नका, आणि ८०० किमीच्या आसपास तेल बदला, त्यात बारीक लोखंडी चुरा येतोच, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गाडी तिथेच उभी करा आणि डिफ, म्हणजे ॲक्सलमधला डिफरन्शियल, परत उघडायला सांगा.