गप्प बसू का?

(न्यू जर्सीतल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

काल रात्री आजच्यासाठी कपडे काढून ठेवत होते, तेव्हा माझ्या ६ वर्षांच्या मुलानं विचारलं, "आई, मंडळात मी गप्प बसलो तर चालेल?"

कारण मला माहीत आहे. गणपतीत तो सगळ्यांच्या वर आवाज चढवून "दणपती बाप्पा" ओरडला होता. हशा पिकला. कुणीतरी प्रेमानं, खरंच प्रेमानं, त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा, फोनवर रेकॉर्ड करायला. तिसऱ्यांदा तो बोलला नाही.

त्याला क आणि ग येत नव्हते. जिभेची मागची बाजू वर उचलायची, तर जिभेचं टोकच पुढे दातांशी जायचं. काकाचा ताता, गाडीची दाडी. दोन-अडीच वर्षांच्या मुलांत हे सर्रास दिसतं. चार वर्षं उलटूनही राहिलं तर शिकवावं लागतं. त्याच्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या बाई, त्याला गालिच्यावर उताणं झोपवायच्या, म्हणजे जीभ आपोआप मागे जाते. छताकडे बघत गुळणी करताना येतो तसा घशातला आवाज काढायचा. नाहीच जमलं तर जिभेचं टोक चपट्या काडीनं अलगद दाबून धरायचं. सात आठवडे गेले, आणि एका गुरुवारी तसंच पडल्या पडल्या "क" आला. घरी येऊन त्यानं पुण्याच्या काकाला व्हिडिओ कॉल लावायला लावला, जमिनीवर आडवा झाला आणि तिथूनच हाक मारली, "काका!" उभं राहून हाक मारायला आणखी महिना लागला.

हे तुम्हाला सांगू का, असं मी त्याला विचारलं. "काकाचं सांग," म्हणाला.

आमच्याही हातून चुका झाल्या. "आपल्याकडे मुलगे उशिराच बोलतात" म्हणत सहा महिने घालवले. मग कुणी म्हणालं, दोन भाषांनी गोंधळतोय, मराठी बंद करा. त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं आणि मी नमतं घेतलं. चार महिने घरात फक्त इंग्रजी. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मग मी त्याच्याशी बोलू तरी काय?" पुढे थेरपिस्ट बाईंनीच सांगितलं की दोन भाषा ऐकल्यामुळे बोलणं लांबत नाही, आणि शब्द मोजायचे ते दोन्ही भाषांतले मिळून. फ्रिजवर यादी लावली: पाणी, भूभू, बॉल, मोअर. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण ५० शब्द यावेत, दोन शब्द जोडता यावेत. आमची यादी २१ वर अडली होती. उशीर होता, पण तो मराठीमुळे नव्हता.

जेवणाचंही तेच. पोळीचा तुकडा तोंडात गेला की उमासा यायचा, म्हणून अडीच वर्षांचा होईपर्यंत वरण-भात मिक्सरमधून फिरवून, समोर फोन धरून भरवला. बाईंनी आधी फोन बंद करायला लावला. मग एकच कुरमुरा, जिभेवर नाही, बाजूला दाढेवर ठेवायचा, म्हणजे चावायची सवय होते. नको म्हणाला तर विषय संपला. चिऊचा घास, काऊचा घास आपल्या किती जिव्हाळ्याचे! पण ज्याला उमासा येतो त्याच्या तोंडात तो घास कोंबला की पुढच्या घासाला ते तोंडच मिटून घेतं. गणपतीत तिसऱ्यांदा मिटलं, तसंच.

म्हणून आईबाबांना आणि आजीआजोबांना कळकळीनं सांगते, वाट बघत बसू नका. आधी कानांची तपासणी करा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू अर्धवट येतं. मूल तिनाच्या आतलं असेल तर इथल्या अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे लहान मुलांच्या वाढीत मदत करणाऱ्या राज्याच्या सेवेला, आईबाबा स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तिथल्या चाचणीला पैसे पडत नाहीत, आणि ४५ दिवसांत चाचणी करून पुढची आखणी व्हावी असा नियम आहे. तिनानंतर आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाला, लेखी कळवायचं. हे मला दीड वर्ष उशिरा कळलं. या हॉलमधल्या तिघींना आधीच माहीत होतं. त्यांची मुलं थेरपीला जात होती आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या का बोलल्या नाहीत, याचा विचार आपण सगळ्यांनी करायला हवा.

आणि कुणी "दणपती" म्हणालं तर परत म्हणायला लावू नका. "हो रे, गणपती बाप्पा!" एवढंच आपण नीट म्हणायचं. ते त्याच्या कानावर पडतं.

बाईंना मराठी येत नाही. क आणि ग इंग्रजीतही आहेत, ते त्यांनी बसवले. ळ आणि ण कोण बसवणार? शाळेत तो दिवसभर बडबडतो, घरी येऊन सगळं इंग्रजीत सांगतो. मराठीत मात्र आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग एकेक शब्द काढतो. आता क येतो, ग येतो, तरी बघतो.

कालच्या प्रश्नाला मी "चालेल" म्हणाले. बरोबर म्हणाले का, ते मला अजून कळलेलं नाही. तो मागे चिवड्याच्या टेबलापाशी बसलाय, काकांनी दिलेला निळा कुर्ता घालून. तिकडे गेलात तर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.