शेरा चावायला कसा शिकला

पहाटेचे साडेपाच. नागपूर, महालातली एक गल्ली. मामांच्या घरामागच्या पडवीत शेरा बांधलाय. दीड वर्षाचा वछेरा, म्हणजे घोड्याचा तरणा नर, पाठीवर अजून झूलही पडलेली नाही. पुढे कधी तरी नवरदेवाला घेऊन तो वरातीत चालेल, बँडच्या दणदणाटात, पोराटोरांच्या गर्दीतून. आणि काळजी आहे ती त्या पोरांचीच.

मामांचा दंड पाहा. बाहीवर ओला डाग, त्याखाली दातांची काळीनिळी चंद्रकोर. मामा म्हणतात, "चावत नाही जी तो, खेळून राहिला."

खरंय, खेळच आहे. नर शिंगरं एकमेकांशी दिवसभर हेच करतात. मानेला, पुढच्या पायांना तोंड घालायचं, पळायचं, परत यायचं. पण तिथे आई असते. ती कान मागे पाडते. तरी ऐकलं नाही, तर जागेवरून हुसकावून लावते. शेरा आईपासून लवकर तुटला, एकटा वाढला. ही समज त्याला कुणी दिलीच नाही.

दिला तो गूळ. येणारा-जाणारा तळहातावर गूळ धरायचा. घोड्याला अगदी तोंडापुढचं दिसत नाही. ओठांनी आणि ओठांवरच्या राठ केसांनी चाचपून तो घास शोधतो. हातात गूळ सापडला की उद्या पुन्हा हात चाचपायचा, रिकामा निघाला की दात लावायचा. हे आपण शिकवायचं आणि वर आपणच थोबाडीत द्यायची! मला ते बघवत नाही. तोंडावर मारलं की वछेऱ्याला तो खेळातला पुढचा डाव वाटतो. नाही तर तो हाताला बिचकायला लागतो, मग चावतो आणि झटक्यात तोंड मागे घेतो.

आता गूळ, चंदीचा दाणा, सगळं घमेल्यात. शेराची मान वळली की मामांचं कोपर आधीच तिथे असतं. तोंड आपणहून आपटतं. तरी दात लागलेच, तर त्याच क्षणी खडा आवाज, छातीला हात, दोन पावलं मागे. दोन-तीन सेकंद गेले की रागावून उपयोग नाही, कशाबद्दल ते त्याला कळत नाही. घरात सगळ्यांनी हेच पाळायचं. नातू अजून चोरून गूळ देतो, तेवढे चार दिवस वाया जातात.

शहाणा घोडा अचानक चावू लागला, तर मात्र आधी दुखणं शोधायचं. खोगिराचा पट्टा, तंग, आवळताना लागतंय का, पोटात, दातांत काही आहे का. शेराचेही पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतील. शंका आलीच, तर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खरारा सुरू झालाय, अंग घासणं चाललंय. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी. घोडे एकमेकांना इथेच दातांनी खाजवतात. त्याने काळजाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. शेराचा वरचा ओठ लांबतो, थरथरतो. त्यालाही मामांना खाजवायचंय. मान हळूच वळते, खांद्यापर्यंत येते.

कोपर वर.

मान सरळ होते. खरारा थांबत नाही.