अशो-ओकेचा लग्नाचा जोड पाच दिवसांत

नायजेरियातल्या योरुबा समाजात नवरीचा अशो-ओके या हातमागाच्या कापडाचा पारंपरिक जोड चार वस्त्रांचा. कमरेला गुंडाळायचा इरो, वर अंगात घालायचा बूबा, खांद्यावर किंवा हातावर घ्यायचं इपेले आणि डोक्याला बांधायचं ‘गेले’. लग्न पाच दिवसांवर आलं की शिंपी या चौघांना सारखा वेळ वाटून देतो आणि तिथेच अडकतो. इरो, इपेले आणि ‘गेले’ हे मुळात आयत आहेत. अंगाला बेतून बसवायचं ते एकच, वरचं. जुना बूबा तर सैल, जवळजवळ सरळ कापाचा. तो असेल तर एका दिवसाचं काम. पण आता बहुतेक नवऱ्यांना कॉर्सेटसारखी घट्ट चोळी हवी असते, आणि ती चोळी अर्ध्याहून जास्त वेळ खाते. तेवढा वेळ तिला आधीच काढून ठेवा.

कापडापासून सुरू करू. अशो-ओके हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणतात, साधारण 10 ते 15 सेंमी रुंद. ओयो राज्यातलं इसेयिन हे त्याचं मोठं केंद्र. वेळ कमी असताना विणायला टाकू नका. इबादानच्या ओजे बाजारातून तयार गठ्ठा घ्या आणि नवरीचं सगळं कापड, नवरदेवाच्या फिला टोपीसकट, एकाच गठ्ठ्यातून घ्या. रंगवलेल्या सुताच्या दोन खेपा क्वचितच तंतोतंत जुळतात, आणि फोटोत ते आधी दिसतं.

पट्ट्या जोडताना काठाला काठ भिडवून झिगझॅग मारा, किंवा 3 ते 4 मिमी एकावर एक चढवून शिवा. साध्या शिवणीसारखी 1 सेंमी माया दोन्हीकडून आत घेतली तर 10 सेंमीची पट्टी 8 सेंमीची होते. बारा पट्ट्यांचा 120 सेंमी उंचीचा इरो मग शंभराच्या आत येतो आणि घोट्याच्या वर लटकतो. आणखी एक: जोडताना खालची पट्टी मशीनचे दात ओढतात, वरची मागे राहते. 2 मीटर लांबीत हा फरक सहज दिसण्याइतका होतो. म्हणून प्रत्येक जोड आधीच्या जोडाच्या उलट टोकाकडून सुरू करा आणि दर हातभर अंतरावर टाचणी लावा.

कापड कापलं की लगेच विरतं. आजच्या अशो-ओकेत जरीसारखा चकचकीत लुरेक्सचा धागा असतो, तो सुटला की कडा मोकळी होत जाते. त्यामुळे चोळीच्या भागासाठी कापडाच्या पाठीला आधी चिकटणारं बकरम लावायचं, मग बेतायचं. लागोसचे शिंपी त्याला ‘गम स्टे’ म्हणतात. इस्त्री मंद, वर सुती फडकं, आणि ओढायची नाही, दाबून उचलायची. लुरेक्स गरम इस्त्रीला आक्रसतो, आणि एकदा आक्रसला की उपाय नाही. पहिला दाब चिंधीवर देऊन बघा.

बेतताना कापड दुहेरी घालू नका. पट्ट्यांचे जोड आणि नक्षी डावी-उजवीकडे समोरासमोर यायला हवी, म्हणून एकेरी कापडावर एक तुकडा कापा, तो पालथा ठेवून दुसरा कापा. जोड छातीच्या टोकावर किंवा मागच्या पट्टीवर येणार नाही हे बघा, तिथे जाडी साचते आणि सुई मोडते. 14 किंवा 16 नंबरची सुई लावा.

चोळीचा सगळा ताण आतल्या अस्तराने घ्यायचा. अस्तर घट्ट विणीच्या सुती ड्रिलचं. बोनिंगच्या, म्हणजे चोळी ताठ ठेवणाऱ्या काड्यांच्या, नळ्या त्याच्यावर शिवा आणि अशो-ओके वर नुसतं बसवा. ताण वरच्या कापडावर गेला तर पट्ट्यांच्या जोडावर उसवतं, तेही नेमकं नवरी खाली वाकली की. बोन शिवणीच्या रेषेपेक्षा दोन्ही टोकांना 1 सेंमी आखूड कापा आणि टोकं गोल करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती अस्तर फोडून टोचतात.

घाईत माप चुकतंच, असं धरूनच चाला. मागे चेन न लावता फासे आणि नाडी ठेवा, मधे 5 ते 8 सेंमी फट आणि तिच्यामागे झाकणारी पट्टी. बाजूच्या शिवणीत 2.5 सेंमी माया सोडा आणि त्या शिवणी अंगावर घालून बघेपर्यंत कच्च्या धाग्याच्याच राहू द्या. मण्यांचं आणि लेसच्या बुट्ट्यांचं काम तोवर करा, पण बाजूच्या शिवणीजवळ 2 सेंमी जागा कोरी ठेवा. मणी एकेक टाचत बसू नका, तयार बुट्टे घेऊन टाचा. गोंद लावायचा मोह शेवटच्या दिवशी आवरा. तो पुरता सुकायला एक दिवस लागतो आणि ओला असताना कापडातून वर उमटतो.

विजेचं बघा. लागोसमध्ये ती केव्हा जाईल सांगता येत नाही, जनरेटर असला तरी इंधन लागतं. वीज असताना इस्त्री, बकरम आणि इंटरलॉक उरकून घ्या. शिवण पायमशीनवर अंधार पडेपर्यंत होते.

‘गेले’ साधारण 180 सेंमी लांब. बांधणारी बाई मिळणार नसेल तर घड्या घालून आधीच शिवलेलं करा, पण त्यासाठी केशरचना ठरल्यावरचा डोक्याचा घेर हवा. आधी मोजलेला घेर उपयोगाचा नाही. इरोची खालची दुमड तर नवरीने लग्नातले बूट घातल्यावरच खुणावायची.

नवरी इग्बो, म्हणजे नायजेरियातल्याच दुसऱ्या समाजाची, असेल तर गणित वेगळं. तिथे जॉर्ज कापड चालतं, जे भारतातून जातं आणि ज्याचं नाव मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जशी जोडलं जातं. ते रुंद येतं, पट्ट्या जोडायचं काम वाचतं. 5 वारांचा तुकडा मधोमध कापला की दोन नेसणी होतात. मात्र भरतकाम जड असतं, म्हणून कडेची दुमड मशीनवर न घालता आतून पट्टी लावून हातशिलाई करा.

उरलेल्या पट्टीचा हातभर तुकडा, त्याच रंगाचा दोरा आणि नाडीची एक जादा लांबी जोडाबरोबर पाठवा.